सुईदीदींची वही

सुईदीदी सुई टोचताना 'टोचते' असं कधीच म्हणत नसत. दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवत त्या विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं जी?" समोरचा 'पोहे' म्हणून त्यावरच्या शेवेपर्यंत पोहोचायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. रायपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या बारा वर्षं दवाखाना सांभाळत होत्या. पोरांनी दिलेलं नाव इतकं रुळलं की आम्ही मराठी मंडळीही त्यांना सुईदीदीच म्हणायचो.

दवाखाना म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक खाट आणि एक फ्रिज. त्या फ्रिजात पाण्याची बाटलीसुद्धा त्या ठेवू देत नसत. एकदा प्राचार्यांच्या चपराशाने दह्याचा डबा ठेवला, तर दीदी तो घेऊन थेट केबिनमध्ये गेल्या. "हे लसीचं घर हाये सायेब, तुमची रसोई नाही." प्राचार्यांनी त्या दिवशी दही कोमटच खाल्लं.

पावसाळा सरला की स्टाफ आणि विद्यार्थ्यांना फ्लूची लस देण्याचं शिबिर लागायचं. मी आस्थापना विभागात, त्यामुळे यादी माझी. हजेरीपटावरून नावं उतरवायची, जितकी नावं तितक्याच लसी मागवायच्या. यादी करण्यात मी पटाईत होतो आणि लस टाळण्यातही. सुई पाहिली की मी तिथून पळ काढतो. दरवर्षी त्या दिवसांत मला सदर बाजारात काहीतरी तातडीचं काम निघायचं. जिन्यावरून निसटताना दीदी मागून म्हणायच्या, "पळा भाऊ, पळा. तुमचा लय आधार हाये मले." मी तो टोमणा समजून हसत सुटायचो. जे आलेच नाहीत त्यांच्या लसी त्या गेटवरच्या गार्डला, मेसमधल्या पोळ्या लाटणाऱ्या बायांना देतात, एवढं मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी माझी मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळाच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना लस घ्यायला बजावलं. शेवटी शिबिराच्या शेवटच्या दिवशी, दीदी कुलूप लावायच्या बेतात असताना, मी जाऊन उभा राहिलो. फ्रिजात एकच लस उरली होती.

त्यांनी आधी फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज काहून आले जी?"

"नात झाली."

"मंग त घेतलीच पायजे. बसा. सकाळी काय खाल्लं?"

"लेकीचा डिंकाचा लाडू चोरून..."

"झालं," त्या म्हणाल्या. मला कळलंसुद्धा नव्हतं. घरी जाऊन मी दोन दिवस शौर्य मिरवलं.

जानेवारीत हॉस्टेलमध्ये तापाची साथ आली. दीदी मास्क लावून पोरांचे ताप मोजत होत्या. मग एका सोमवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारी कळलं की ॲडमिट केलंय, फ्लू छातीत उतरलाय. शनिवारी पुरानी बस्तीतून त्यांच्या भावाचा फोन आला, "ताई गेली." तापाने माणूस असा पाच दिवसांत जातो, हे मला अजून खरं वाटत नाही.

दवाखान्यातलं सामान मोजून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ड्रॉवरमध्ये लसींची वही होती. आदल्या वर्षीच्या पानावर मी माझं नाव शोधलं. पुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आले नाहीत. त्यांची मी घेतली.' मी पानं मागे उलटत गेलो. दरवर्षी तेच वाक्य. शेवटच्या शिबिराच्या पानावर माझी सही होती, आणि तिच्याखाली, 'मी – पुढच्या वर्षी.'

दीदी ठेक्यावर होत्या. त्यांची हजेरी ठेकेदाराकडे लागायची, म्हणून बारा वर्षं माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. सगळ्या कॉलेजला लस देणारी बाई यादीत नाही, हे यादी करणाऱ्याला एकदाही दिसलं नाही. त्यांनी कधी मागितलं नाही. माझ्या भित्रेपणावर त्यांचं भागत होतं. लस घेतली असती तर त्या नक्की वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणत नाहीत. वाचल्या नसत्या, असंही म्हणत नाहीत.

यंदा मी ठेक्यावरचे सगळे यादीत घेतले. वरून विचारणा झाली, तेव्हा वही नेऊन समोर ठेवली. शिबिराच्या सकाळी नवी सिस्टर यादी पाहून गोंधळली. "भैया, सबसे ऊपर मेरा नाम?"

"पहले तुम," मी म्हणालो.

बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी सिरिंज भरली. नेहमीसारखे माझे पाय दाराकडे वळले. पण सुई तिच्या दंडात जाऊन बाहेर येईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.