मी अंकिताच्या शेळ्या मोजल्या

वाट्याने राखायला दिलेली शेळी मोजायची नाही.

हा आमच्या घरातला नियम. का, असं विचारायचंही नाही. मी पाचवीत असताना विचारलं होतं. तेव्हा थोरले काका म्हणाले, "मोजायची नाय म्हंजे नाय." झालं! एवढंच स्पष्टीकरण. पुढे मी बी.कॉम. झाले, तरी त्यात एका शब्दाची भर पडली नाही.

आता तुम्हीच सांगा, हिशेब शिकलेल्या मुलीला 'मोजू नकोस' म्हटलं तर तिचे हात शिवशिवणार नाहीत? माझे शिवशिवले. त्यातून जो घोळ झाला तो ऐका. हसा खुशाल, फक्त चहा सांडू नका.

अंकिता ही थोरल्या काकांची मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि माझं सगळ्यात जुनं दुखणं. मी अठरा वर्षांची असताना आत्याच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही दोघी करवल्या. आत्याने खूश होऊन दोघींच्या हातावर पाच-पाच हजार ठेवले. मी तेव्हा मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ बघायचे. तो कायम सोफ्यावर बसून सांगायचा, लवकर सुरुवात करा, पैशाला कामाला लावा, तिशीत नोकरी सोडा. मला एकदम पटलं! मी म्युच्युअल फंडात खातं उघडलं, दर महिन्याला पाचशे टाकायला लागले आणि घरभर जाहीर केलं, "तिशीनंतर मी कुणाची नोकर नाही. कुणापुढे हात पसरणार नाही!"

चौदा वर्षांची अंकिता शांतपणे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने काय केलं असेल? शेळी घेतली. एक तपकिरी, लांब कानांची शेळी! आणि ती डोंगराखालच्या वाडीतल्या चांगुणामावशीकडे वाट्याने राखायला दिली. म्हणजे शेळी अंकिताची, राखण मावशीची, आणि जी पिल्लं होतील ती दोघींत निम्मी निम्मी.

मी किती हसले! "अगं, जग कुठे चाललंय आणि तू शेळ्या कसल्या घेतेस?"

चार वर्षं गेली. माझा फंड? त्याचा काही दोष नव्हता हो. मीच दोनदा मोडला. एकदा नव्या मोबाईलसाठी, एकदा मैत्रिणींबरोबर गोव्याला जायला. मध्ये आठ महिने तर हप्ताच भरला नाही. शेवटी खात्यात जे उरलं, त्यात तिशीपर्यंत जेमतेम एक सोफा आला असता. व्हिडिओतल्यासारखा.

आणि अंकिता? तिच्या सात शेळ्या झाल्या. दरवर्षी एखादा बोकड विकून तिने स्वतःची क्लासची फी भरली. उरलेले पैसे पोस्टात. आता तिला नर्सिंगला जायचं होतं, तेही स्वतःच्या पैशाने. घरात येईल त्याला काकू कौतुकाने सांगायच्या, "आमची अंकी चाळिशीच्या आत घरी बसून खाईल बघा!" आणि मग माझ्याकडे वळून, "कोमल, तुझं काय गं चाललंय?"

जळत होते मी. कशाला खोटं बोलू? शेलूला एका बिल्डरच्या ऑफिसात मी काम करते. दिवसभर लोकांना फ्लॅटचे हप्ते समजावून सांगायचे आणि मनात एकच, सात शेळ्या. पावती फाडली, सात शेळ्या. डबा उघडला, सात शेळ्या!

आणि एके दिवशी डोक्यात किडा वळवळला. या शेळ्या बघितल्यात कुणी? मोजायचीच नाही म्हटल्यावर मावशी सांगेल तो आकडा. सातच्या जागी तीनच निघाल्या तर? काय सांगू तुम्हाला, त्या विचाराने चार वर्षांत पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

रविवारी लोक फ्लॅट बघायला येतात, म्हणून आमची सुट्टी मंगळवारी. त्या मंगळवारी वही-पेन घेऊन मी वाडीवर गेले. कुणाला न सांगता. अंकिताच्या शेळ्यांच्या गळ्यात लाल दोरी असते, एवढं ठाऊक होतं. मोजायला कितीसा वेळ लागतो?

तुम्ही कधी शेळ्या मोजल्यात? फ्लॅटचं बरं असतं, ते जागेवर उभे राहतात. पहिल्यांदा पाच भरल्या. मी मनातल्या मनात नाचले. पुन्हा मोजल्या तर नऊ. तिसऱ्या वेळी एकीने वहीचं पान खाल्लं. त्यावरच पहिले दोन आकडे होते.

"काय करतेस गं बाय?"

मागे चांगुणामावशी उभी. डोक्यावर पाल्याचा भारा, हातात कोयता.

"काही नाही मावशी, सहज. बघत होते."

"वहीत लिवून?"

मी वही पाठीमागे लपवली.

"मोजायला आलीस?" तिने भारा खाली टाकला. "अंकितानं धाडलं तुला?"

आणि इथे, मंडळी, इथे मी जे केलं त्याची आठवण आली की अजून उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. मी मान हलवली. उभी. म्हणजे हो!

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बिबट्यानं एक नेली तवा मी सोता खाली येऊन सांगितलं. पिल्लू मेलं तवा बी सांगितलं. कदी इचारायला लागलं का तुमाला? इस्वास हाय म्हनून तर मोजत नाय. मोजलं म्हंजे संपलं."

बघा! जे कारण काकांना आयुष्यभर सांगता आलं नाही, ते तिने पाच वाक्यांत सांगितलं. फक्त मी मोजून बसल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघतेय, तर अंगणात शेळ्याच शेळ्या! एक तुळशीत, एक काकूंच्या वाळत घातलेल्या साडीत, एक माझ्या चपलेवर. मावशी ओटीवर टेकली आणि काकांना म्हणाली, "ह्या घ्या तुमच्या सात. मोजून घ्या. तुमच्या पोरीनं मानूस धाडला व्हता मोजायला. आता मी नाय राखत."

मेल्या पूर्ण सात होत्या!

"मी?" अंकिता रडवेली झाली. "मावशी, मी कुनाला धाडलं? शपथ घेते!"

मी मावशीला दिसू नये म्हणून दाराआडून चपलेवरच्या शेळीकडे बघत राहिले. वाटलं, मिटेल आपोआप. मावशीला चहा देतील, जरा मनधरणी होईल, शेळ्या परत जातील. काकूंनी चहा आणलाही. पण काका आमचे! त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बरं झालं, आयत्या घरी आल्या. विकून टाकू. अंकीच्या लग्नाला दागिना व्हईल."

"आबा, मला नर्सिंगला जायचंय. ते माझ्या फीचे पैसे हायेत!"

"पोरीला कशाला येवडी फी? थांब, टेंपोवाल्याला फोन लावतो."

आणि लावला की! "हॅलो, सात नग हायेत. आत्ता येतोस का रं?" नग म्हणे! माझे बाबा नेहमीप्रमाणे मोठ्या भावापुढे मान डोलवत उभे. अंकिताने पहिली शेळी, ती तपकिरी, लांब कानांची, गळ्याशी धरली होती.

चार वर्षं मी हेच मागत होते ना? अंकिताच्या शेळ्या जाव्यात. चालल्या होत्या. मग मला आनंद का होईना, देव जाणे.

"काका, फोन ठेवा," मी पुढे येऊन म्हणाले. "मोजायला मी गेले होते. अंकिताने पाठवलं नव्हतं. मी मावशीला खोटं सांगितलं."

"तू? कशापायी?"

"जळत होते म्हणून!"

अंगणात कुणी असं मोठ्याने कबूल करतं का? मी केलं. मावशीने बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग मी शेळ्या परत नेते. अंकिताचा काय दोष नाय. पन ह्या बायनं दर मंगळवारी यायाचं. दिसभर राखायच्या. मोजायची लय हौस हाय ना तिला? मोजू दे. मला बी एक सुट्टी नको का?"

"काय बोलतेस?" काका उसळले. "आमच्या घरची शिकलेली पोर वाडीत जाऊन शेळ्या राखनार? लोक थुकतील तोंडावर. कोमल, नाय जायाचं! सांगून ठेवतो."

"अरं, सांग की तुझ्या लेकीला," ते बाबांवर घसरले.

"कोमल, काका सांगतात ते..." बाबांनी सुरुवात केली.

"नाही ऐकणार," मी म्हणाले. "काका, चार वर्षं मावशीने आपल्या शेळ्या राखल्या तेव्हा कुणी थुंकलं नाही. खोटं मी बोलले, तेव्हाही नाही. मी जाणार. दर मंगळवारी जाणार. आणि यातली एकही शेळी त्या टेंपोत चढणार नाही."

काकांनी फोन खिशात टाकला. बाबा तुळशीकडे बघायला लागले. काकूंनी साडी शेळीच्या तोंडातून सोडवली. मावशी शेळ्या गोळा करायला उठली.

तोवर मी मनातल्या मनात हिशेब मांडला. शेळ्या अंकिताच्या, निम्मी पिल्लं मावशीची, सुट्टी माझी. माझ्या वाट्याला? लेंड्यासुद्धा नाहीत.