मागच्या पानावरचे दोन दर

दूध वर यायला आणि दार वाजायला एकच गाठ पडली. भावजय गॅसकडे धावली, भाऊ तोंडाला साबण फासून आरशासमोर उभा. तेव्हा दार उघडायला आत्याच उठल्या. दारात चकचकीत बुटांचे, चाळिशीतले एक गृहस्थ उभे होते. काखेत फाइल, हातात पुठ्ठ्याचा खोका आणि चेहऱ्यावर सकाळी आठला कुणालाच शोभणार नाही एवढं हसू.

"दुकान उघडायच्या आत गाठावं म्हटलं. कार्ड मशीनच्या कंपनीकडून आलोय. साहेबांनी काल फोन केला होता."

"साहेब अजून अर्धे साबणात आहेत," आत्या म्हणाल्या. "बसा. चहा घेता ना?"

आत्या म्हणजे भावाच्या घरी राहणारी थोरली बहीण, पण साऱ्या गल्लीची आत्या. एकतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रूफं तपासली. वेळापत्रकं, परीक्षेचे फॉर्म, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, जे जे माणसं न वाचता फेकून देतात ते ते त्यांनी दोनदा वाचून पुढे पाठवलं. तरुणपणी एका स्थळाकडून आलेलं पत्र त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं. पुढे ते स्थळ आलं नाही आणि आत्यांनीही वाट पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर वाचायला काही उरलं नाही म्हणून बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचत बसायच्या. भाऊ त्यांना चिडवायचा, "ताई, पुडा संपला, आता तरी खाली ठेव."

भाऊ तोंड पुसत आला. वडिलांचं चष्म्याचं दुकान गेली वीस वर्षं तोच बघत होता. मशीनवाल्यांनी खोक्यातून नवं मशीन काढलं, शेजारी चार पानांचा करार ठेवला आणि पेनाचं टोपण काढूनच पेन पुढे केलं.

"भाडं शून्य. दर शेकडा एक पूर्णांक चारपासून. चार वर्षं डोक्याला ताप नाही. ही योजना आजच्या दिवसापुरती आहे बरं का."

भाऊ खुर्चीत बसला तो सही करायलाच. "ताई, गेल्या महिन्यात कार्डाच्या कमिशनपोटी सोळा हजार सहाशे कापले यांनी! सोळा हजार! मी चष्मे विकतो की यांच्यासाठी राबतो, तेच कळेनासं झालंय."

आत्यांनी करार हातात घेतला आणि शेवटचं पान वर केलं. ती त्यांची छापखान्यातली सवय. वरून वाचलं की अर्थ डोळ्यांना ओढत नेतो आणि चूक निसटते. खालून वाचलं की प्रत्येक ओळ एकटी उभी राहते. चहा निवेपर्यंत त्या खालून वर वाचत राहिल्या.

"एक पूर्णांक चार'पासून'. कुठपर्यंत?"

"ते व्यवहारावर अवलंबून असतं, मॅडम."

"आणि चार वर्षांच्या आत मशीन परत केलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं एकदम भरायचं, असं इथे लिहिलंय. भाडं तर शून्य म्हणालात."

"म्हणजे, चालू ठेवलं तर शून्य."

"असं होय." आत्यांनी पेनाला टोपण लावून ते त्यांच्या खिशाला अडकवलं. "शनिवारी संध्याकाळी दुकानात या. तोवर योजना थांबली तर थांबली."

मशीनवाले गेल्यावर भाऊ फुरंगटून बसला. भावजयीनं त्याच्यापुढे कप सरकवला. "वन्संनी विचारलं त्यात चुकलं काय?"

"चुकलं काही नाही गं. पण मला महिन्याला सहा हजार कुठून तरी वाचवायचेत. गेले आठ महिने खिशातून घालतोय." त्यानं कप उचलला आणि तसाच ठेवला. "काचा बाहेरच्या कारखान्यातून घासून घेतल्या तर बारा हजारांत काम होतं. काचकाकांना मी अठरा देतो."

काचकाका वडिलांच्या वेळेपासून दुकानाच्या मागच्या खोलीत फ्रेमच्या मापानं काचा घासायचे, चौतीस वर्षं. भावाचा पहिला चष्माही त्यांनीच बसवला होता.

"कधी सांगणार आहेस त्यांना?" आत्यांनी विचारलं.

"शनिवारी. हिशेब झाल्यावर. पहिल्या तारखेपासून यायचं नाही म्हणून."

"म्हणजे मला तीन दिवस आहेत," आत्या म्हणाल्या. "सगळी बिलं काढ."

"कमिशन कुणाला चुकलंय का, ताई? तो धंद्याचा खर्चच आहे."

"खर्च आहे हे खरं. किती आहे ते बघू दे."

बिलं निघाली ती एका बुटाच्या खोक्यातून, बरीचशी न उघडलेल्या पाकिटांतली. आत्यांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि जुन्या पोस्टकार्डाला मधोमध एका ओळीएवढी फट कापली. ते कार्ड कागदावर ठेवलं की एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकतात. मग गेल्या महिन्याचं बिल घेऊन खालून वर सुरुवात केली.

दुपारपर्यंत एक चोर सापडला. "भाडे, मशीन क्रमांक दोन: नऊशे." दुकानात मशीन तर एकच होतं. भावाला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "ते जुनं गं. दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. खालच्या खणात आहे, तारेसकट."

"बंद पडल्याचं कंपनीला कुणी सांगितलं?"

पलीकडून घाईघाईनं, "गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलतो."

संध्याकाळी दुसरी गोष्ट दिसली, पण तिचा अर्थ लागेना. तारखेवार रकमांच्या पुढे कुठे कुठे मुंगीएवढं "उ" छापलं होतं. पान उलटल्यावर मागे फिकट करड्या शाईत एक तक्ता: साधा दर शेकडा १.६, "उ" व्यवहारांचा दर शेकडा २.९. आत्यांनी भिंग घेतलं, मग दिनदर्शिका घेतली. सोमवार ते गुरुवारच्या प्रत्येक रकमेपुढे "उ" होतं. शुक्रवार-शनिवारच्या एकाही रकमेपुढे नव्हतं. बारा महिने हेच.

"सोमवारी येणारी माणसं वेगळी असतात का गं?" त्यांनी भावजयीला विचारलं.

"असतील. सोमवारी मीही वेगळीच असते," ती भांडी घासता घासता म्हणाली. "पण वन्सं, माणसं वेगळी असती तर एखादा तरी सोमवार चुकला असता. हे दुकानातच काहीतरी होतंय."

आत्यांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. छापखान्यात असती तर हिला त्यांनी आपल्याच टेबलाशी बसवून घेतलं असतं.

गुरुवारी त्या दुकानात जाऊन बसल्या. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींवर फ्रेमा, टोकाला अक्षरांचा तक्ता, आणि मागच्या खोलीत पाणी ठिबकणारं घासचाक. चाकाच्या आवाजानं काचकाकांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायचे.

"आत्या! नंबर वाढला की काय?"

"माझा नाही, तुमच्या मालकाचा वाढलाय!"

"त्याचा लहानपणापासूनच वाढलेला आहे!" काका खो खो हसले आणि काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघू लागले. कड अजून केसभर जाड होती. ती मोजायला त्यांना यंत्र लागलं नाही. अंगठ्यानं चाचपली आणि परत चाकावर धरली. आत्या ते बघत राहिल्या. बाहेरच्या कारखान्यातून येणाऱ्या काचेला हा अंगठा कुठून लागणार?

दिवसभर माणसं आली, कार्ड टेकवून गेली. सगळं सरळ. कार्डाचे आकडे कुणी हातानं टाइप केले नाहीत, कुठे काही अडलं नाही. साडेसातला भावानं दिवे मालवले, मशीन कापडानं झाकलं आणि शटरला हात घातला.

"याचं काही बंद करायचं नसतं?" आत्यांनी मशीनकडे बोट दाखवलं.

"म्हणजे सेटलमेंट? ते शनिवारी."

"रोज नाही?"

"ताई, असं काय विचारतेस! बाबा शनिवारी शटर अर्धं खाली ओढून आठवड्याचा हिशेब मिटवायचे की नाही? तसंच मी शनिवारी ते बटण दाबतो. आठवड्याची ही एवढी लांब पट्टी निघते," त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले, "आणि पैसे बँकेत एकरकमी पडतात. बरं वाटतं."

आत्या स्टुलावर परत टेकल्या. "उ" म्हणजे उशिरा.

खात्री हवी म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांनी कंपनीच्या नंबरवर तेवीस मिनिटं संगीत ऐकलं. अखेर एक मुलगी बोलली. नियम साधा होता: व्यवहार झाला की तो दुसऱ्या दिवसाच्या आत जमा करायचा, म्हणजे ते बटण दाबायचं. त्याहून उशीर झाला तर कार्ड देणारी बँक जोखीम धरते आणि वरचा दर लागतो. शनिवारी बटण दाबलं की शुक्रवार-शनिवार वेळेत बसत होते. त्याआधीचे चारही दिवस दंडाच्या ओळीत.

रात्रीच्या जेवणाला आत्यांनी ताटाशेजारी कागद ठेवला. महिन्याची कार्डावरची विक्री सहा लाख, त्यातली चार लाख उशिराची. चार लाखांवर शेकडा एक पूर्णांक तीन जास्त, म्हणजे पाच हजार दोनशे. खणातल्या मेलेल्या मशीनचं भाडं नऊशे. "सहा हजार शंभर. तू सहा मागत होतास."

भावाचा घास हातातच राहिला. "म्हणजे मशीन घेतल्यापासून पाच वर्षं मी हे भरतोय?"

"पाच वर्षं."

"अगं पण शनिवार हा बाबांचा…"

"बाबांच्या गल्ल्यातले पैसे शनिवारपर्यंत गुपचूप बसायचे. शनिवारी पट्टी काढ, हिशेब कर, चहा पी, तुला कोण अडवतंय? पण बटण रोज दाबायचं. शटरची कडी लावायच्या आधी."

"आणि विसरलो तर?"

"तर मी फोन करीन," भावजय म्हणाली. "साडेसातला. रोज. आवडेल का?"

"नको, नको, लक्षात ठेवतो!"

शनिवारी संध्याकाळी मशीनवाले आले ते पेन काढूनच. आत्यांनी सही न केलेला करार त्यांच्यापुढे ठेवला आणि वर खणातलं मशीन, तारेसकट.

"हे घेऊन जा. पोचपावती द्या, आजच्या तारखेची. आता मला सांगा, साध्या दरातल्या एक पूर्णांक सहामध्ये तुमच्या कंपनीचा वाटा किती?"

गृहस्थ हसले, पण हे हसू त्या दिवशी सकाळच्या हसण्यापेक्षा खरं होतं. "मॅडम, आजवर कुणी विचारलं नव्हतं. एक पूर्णांक एक कार्डाच्या बँकेचा आणि कार्ड चालवणाऱ्या नेटवर्कचा; तिथे कुणाचं काही चालत नाही. उरलेला अर्धा टक्का आमचा."

"तिथे तुमचं चालतं ना? शेजारच्या चौकात दुसरी कंपनी शेकडा चाळीस पैशांवर काम करते. मी त्यांचा कागदही वाचलाय. खालून."

त्यांनी बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला, दोनदा मान हलवली आणि आत आले. "चाळीस करतो. दुकानातल्या चालू मशीनवरच. करार वर्षाचा, मध्ये सोडला तर दंड नाही."

"लिहून द्या."

लिहून दिलं. आत्यांनी ते वाचलं, एका ठिकाणी तारीख दुरुस्त करून घेतली, आणि मग भावानं सही केली. सहा लाखांवर आणखी सहाशे. मशीनवाले जुनं मशीन काखेत मारून गेले. भावानं शटर अर्धं खाली ओढलं, बटण दाबलं आणि पट्टी निघाली. सकाळी दुकान उघडताच एकदा दाबून घेतल्यामुळे ती वीतभरच होती. तो तिच्याकडे बघून ओशाळं हसला.

मागे घासचाक थांबलं. काचकाका हात पुसत बाहेर आले, शेवटचा चष्मा पाकिटात घातला, गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं. "काय मालक! आज हिशेब लवकर?" ते ओरडले. "सोमवारी ती जाड काचेची मुलगी येणार आहे, तिची फ्रेम मी सकाळीच घेतो!"

"घ्या काका, घ्या," भाऊ म्हणाला. काका शटरखालून वाकून गेले. त्यांची पावलं रस्त्यावर लांब गेली तसा भाऊ बहिणीकडे वळला.

"मी आत्ता धावत जाऊन सांगतो त्यांना, ताई. काय होणार होतं आणि तू कसं वाचवलंस ते सगळं. त्यांना कळायला हवं की…"

आत्यांनी भिंग डबीत ठेवलं.

"माझं एकच ऐक. त्यांना तू काढणार होतास, हे त्यांना कधी सांगू नकोस."