नामदेवकाका सांगतील तेव्हाच

आधीच सांगते, आमच्या बौद्ध घरात भुताखेतांना थारा नाही. बाबांनी कधी कुणाची दृष्ट काढू दिली नाही की दाराला लिंबू-मिरची बांधू दिली नाही. मी चंद्रपूरला ब्लाउज शिवते. हाताला लागेल, डोळ्याला दिसेल तेवढंच खरं मानते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण पाहिलं ते पाहिलं.

बाबा जमिनीखालच्या कोळसा खाणीत कामाला होते, आता रिटायर्ड. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या आतड्याला छिद्र पडलं आणि पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण बाबा पूर्ण श्वासच घेईनात. वरवर, चोरून घेतल्यासारखा. फिजिओ मॅडमनी आत तीन छोटे गोळे असलेलं प्लास्टिकचं यंत्र दिलं — नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, की गोळे वर चढतात. बाबांचा पहिला गोळासुद्धा हलेना.

"फुप्फुसं खालून मिटत चालली आहेत," डॉक्टर म्हणाले. "खोल श्वास घेतला नाही, खोकून कफ काढला नाही, तर न्यूमोनिया होईल. मग मशीनवर ठेवावं लागेल."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

टाक्यांना भीत असतील, म्हणून खोकताना पोटाशी धरायला मी एक छोटी उशी शिवून नेली. "बाबा, टाके मजबूत हायेत, मले विचारा. घ्या न दम!"

बाबा अर्धवट गुंगीत होते. "नाई. हवा कमी हाये. दम वाचवा लागते."

"काऊन कमी? खिडकी उघडी हाये ना!"

"नामदेव सांगन तवा घेईन."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लहान असताना खाणीत छत कोसळून बाबा आणि त्यांचे जोडीदार नामदेवकाका अडकले होते. काकांनी बाबांना भिंतीशी बसवलं, हलू दिलं नाही, बोलू दिलं नाही, थोडा थोडाच श्वास घ्यायला लावला. ढिगारा फुटून वारा आत आला, तेव्हा कुठे म्हणाले, "घे आता, पोटभर घे." पाहुणे आले की चहासोबत हा किस्सा ठरलेला. आणि आता दवाखान्याच्या कॉटवर बाबा पुन्हा त्याच ढिगाऱ्यामागे जाऊन बसले होते. परवानगी देणारे नामदेवकाका मात्र दोन वर्षांपूर्वीच छातीच्या आजारानं गेलेले.

"बाबा, काका नाई राह्यले आता," मी शेवटी सांगूनच टाकलं.

"मालूम हाये," बाबा म्हणाले, आणि तसेच वरवर श्वास घेत राहिले. आता मात्र मला रडू आवरेना.

दुपार होती, वॉर्डात लख्ख ऊन. यंत्र टेबलावर, नळी मोकळी लोंबत होती... आणि पहिला गोळा वर चढला. मी पंख्याकडे पाहिलं — थंडीमुळे बंद. दुसरा चढला. मग तिसरा. कुणीतरी सावकाश, पोटभर दम ओढत असावं तसे तिन्ही गोळे वर टेकून राहिले. मग टक टक करत खाली पडले. नामदेवकाकांना शेवटी शेवटी दम लागून घराची पायरीसुद्धा चढवत नव्हती हो...

बाबा यंत्राकडे बघत हसत होते. "आला का बे वारा?" म्हणाले. माझ्याशी नाही. मग उशी पोटाशी धरून त्यांनी असा श्वास घेतला, की कळ येऊन डोळ्यांतून पाणी आलं. मग खोकले. मीही उशीवर हात दाबून धरला. रडत होते आणि "अजून एक, बाबा" म्हणत होते.

बाबा बरे झाले. सकाळी कॉलनीत फेरी मारतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. यंत्र घरी आणून मी खिडकीत ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, टेबल हलवून पाहिलं. गोळा ढिम्म हलत नाही. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही थकला होता." असेलही.

परवा धीर करून बाबांना विचारलं, "काका काही बोलले का हो तवा?"

बाबांनी यंत्राची लोंबती नळी बोटानं सरळ केली.

"बोलला ना. म्हणे, माह्या वाटची हवाबी आता तूच घे."