पहिल्या पानावरचा खुनी

समजा, रात्रपाळी करून आलेला एक माणूस सकाळी तुमच्या टेबलासमोर उभा आहे. डोळे लाल, खांद्याला डब्याची पिशवी. त्याला नवी रहस्यकथा हवी आहे आणि ती तुम्ही वाचलेली आहे. आता ती त्याला इतकी सांगा, की झोपायच्या आधी तो निदान पहिलं प्रकरण उघडेल. पण इतकीही नको, की उघडायची गरजच उरणार नाही. एक वाक्य जास्त झालं की पुस्तक मेलं. बघा जमतं का.

बजाजनगरच्या आमच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या सुलेखाताई रोज हेच करतात. त्या मूळच्या फुलंब्रीच्या, नवरा वाळूजच्या कारखान्यात. मी डिप्लोमा करून इथल्या कंपनीत नोकरीला लागलो, तेव्हा पहिलं पुस्तक त्यांनीच हातात ठेवलं. "लग्नाच्या मांडवात मयत सापडतं, अन् मांडववालाच गायब. पुढचं मी नाय सांगणार," एवढंच म्हणाल्या. मी जेवण विसरलो.

वाचनालयाचे अध्यक्ष बद्रीनाथकाका रहस्यकथांच्या कपाटाला 'मुडद्यांचं कपाट' म्हणतात. त्यांना तिथं स्पर्धा परीक्षेची गाइडं हवी होती. ताई भांडल्या. शेवटी ठरलं, की दिवाळीपर्यंत ही पुस्तकं घरोघरी फिरली तर राहतील, नाहीतर कपाट रिकामं आणि नवी खरेदी बंद.

आमच्याकडं एक जुनी पद्धत आहे. नवं पुस्तक पहिला आठवडाभर घरी मिळत नाही. ते मधल्या टेबलावर ठेवतात, ज्याला जेव्हा वेळ असेल त्यानं बसून वाचावं. पाळीवाल्यांसाठी हे बरं पडतं. घात नेमका तिथंच झाला.

एक दिवस कंपनीची बस चालवणारा सोमनाथ पुस्तक आपटत आला. "ताई, हे काय वो? आमची मजा घेता का?"

पहिल्या पानावर निळ्या पेनानं, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'खून भाच्यानं केला.'

ताईंचा चेहरा उतरला. कारण खून भाच्यानंच केला होता.

पुढच्या पुस्तकातही तेच. त्याच्या पुढच्यातही. टेबलाशी दिवसभर माणसं येऊन-जाऊन असतात, लिहिणारा कोण ते कळेना. लोक आता आधी पहिलं पान बघायचे आणि पुस्तक परत ठेवायचे. पोळ्यांची ऑर्डर घेणाऱ्या भामाबाई तर म्हणाल्या, "बाई, शेवट आधीच कळला, मग पोळ्या करपवून वाचू कशाला?"

दिवाळी तोंडावर आली. बैठकीत काका खुशीत होते. "विषय संपला. खुनी पहिल्या पानावर, बाकीची पानं रद्दीत!"

"तुम्ही यातलं एक तरी वाचलंय का काका?" ताईंनी विचारलं.

"मी असलं हातात धरत नाय."

"तरीच तुम्हाला वाटतंय, यात नुस्ता खुनीच असतो. दिवाळी अजून यायची आहे. तोवर कपाटाला कुणी हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी ते भाच्याचं पुस्तक पुढ्यात घेतलं. निळं पेन काढलं. त्या तिरक्या अक्षराखाली तसंच तिरकं अक्षर काढत लिहिलं, 'खून मुनिमानं केला.' त्याखाली, 'खून धाकट्या सुनेनं केला.' मग डॉक्टर, मग ड्रायव्हर, मग तपासाला आलेला फौजदारसुद्धा. कादंबरीतलं एकही माणूस सोडलं नाही. मग उरलेली सगळी पुस्तकं ओढली.

"अहो ताई, पुस्तकं खराब करताय तुम्ही!" काका दारातूनच ओरडले.

"खराब तर आधीच झाली होती. मी दुरुस्त करतेय."

संध्याकाळी सोमनाथनं पान उघडलं आणि हसत सुटला. "आयला, सगळेच खुनी! मग खरा कोण?"

"न्या अन् शोधा."

त्यानं नेलं. बसमध्ये पैजा लागल्या, सून की मुनीम. भामाबाईंनी दोन नेली. दिवाळीला कपाट खरंच निम्मं रिकामं होतं, पण पुस्तकं लोकांच्या घरी होती. काकांनी गाइडांसाठी दुसरी भिंत शोधली.

तो लिहिणारा मात्र हटला नाही. आता नवं पुस्तक आलं की ताई आधीच सगळी नावं लिहून टेबलावर ठेवत, आणि तो खऱ्या नावापुढं बरोबरची खूण करी. ताई बाकीच्या नावांपुढंही तशाच खुणा करीत. कुणी म्हणालं, कॅमेरा लावा. ताई म्हणाल्या, "काही नको. आपल्याकडं इतकं शेवटापर्यंत वाचणारं दुसरं कोण आहे?"

मागच्या आठवड्यात शेंद्र्याच्या रस्त्यावरच्या एका गोदामाची कादंबरी आली. त्यात खून चौकीदार करतो. परवा मी गेलो तेव्हा ताई पहिलं पान उघडून बसल्या होत्या. खूण होती, पण मालकाच्या भावापुढं.

"चुकलाय," मी म्हणालो.

"तो चुकत नसतो रे."

त्यांनी नेहमीसारख्या बाकीच्या खुणा केल्या नाहीत. पुढचं नवं पुस्तक ओढलं आणि पहिल्या पानावर, सगळ्या नावांच्या वर, या वेळी स्वतःच्या सरळ अक्षरात लिहिलं, 'गोदामाचं पुस्तक अर्ध्यात सोडलंस, की आता तूही माझ्यासारखा खुन्याला लपवायला लागलास?'