रुंद चाकं

मल्हारगंजातले ते मिस्त्री प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्नच विचारत. वडिलांची जुनी विलायती मोटार मी त्यांच्याकडे नेली आणि म्हटलं, "मिस्त्रीजी, ही रुंद चाकं आणि टायर आणलेत. बसतील ना? गाडीला रुबाब आला पाहिजे."

त्यांनी बोटाच्या पेरानं मडगार्डवर टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि विचारलं, "मागे कोण बसतं?"

मी गोंधळलो. "घरचेच. आई, बायको, पोरं. का?"

चाकं बसली. गाडी पहिलवानासारखी दिसायला लागली. मी चावी मागितली, तर मिस्त्री गल्लीतून तीन जाडजूड दुकानदारांना बोलावून घेऊन आले आणि त्यांना मागच्या सीटवर बसवलं. "खाली, रिकाम्या गाडीचं माप खोटं असतं, भिया. आता चलवा."

पहिल्याच खड्ड्यात मागचे टायर मडगार्डला करकर घासले. दुकानदार उतरल्यावर त्याच खड्ड्यात काही आवाज नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"चाकं ठेवायची की माणसं?"

ते हसले नाहीत. थट्टा होती की सल्ला, मला कळेना. घाईघाईत म्हणालो, "चाकं राहू द्या."

हल्ली लोक वळून वळून गाडी बघतात. आई टांग्यानं देवळात जाते.

परवा त्यांच्या दुकानासमोर थांबलो. मिस्त्रींनी चाकांकडे पाहिलंच नाही. वाकून मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.