शालिकरामच्या नावाची एकोणीस पार्सलं

प्रेमानंदशी माझी ओळख भांडणातून झाली. पाच वर्षांपूर्वी रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि हा माणूस खालून फोनवर म्हणाला, "काकू, दोरीनं पिशवी सोडा." मी म्हटलं, पिशवी नाही आणि दोरीही नाही, तिसरा मजला आहे, पाय आहेत ना तुला? तो आला. धापा टाकत पुस्तकांचं खोकं दारात टेकवलं आणि म्हणाला, "पाय आहेत काकू, पन ते कंपनीचे नाहीत, माह्ये आहेत."

बोलणं अगदी खरं होतं. त्याच्या धंद्यात कंपनीचं असं काही नव्हतंच. टेम्पो त्याचा, तोही जुना घेतलेला. हप्ता त्याचा, डिझेल त्याचं, पंक्चर त्याचं. बायको, माया, शाळेचे गणवेश शिवते. टेम्पोची सुरुवातीची रक्कम तिच्या बचत गटातून उभी राहिली. झटपोच पार्सल या कंपनीचा अंगावर फक्त टी-शर्ट, आणि त्याचेही अडीचशे रुपये कापून घेतलेले. पाठीवर मोठ्या अक्षरात 'भागीदार' छापलेलं. नोकर म्हटलं की सुट्टी द्यावी लागते, भागीदार म्हटलं की काही द्यावं लागत नाही. हे कळायला पदवी लागत नाही. प्रेमानंदला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण इंदोरा वस्तीतल्या घराचं भाडं भागत होतं, म्हणून तो भागीदार राहिला.

आता त्यांची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. कंपनीचं अॅप रोज सकाळी ज्याला जी पार्सलं वाटायचं, त्यात अक्कल नव्हती. प्रेमानंदची लाईन रामदासपेठ, धंतोली; पण अॅप त्याच्या माथी दोन पार्सलं रामटेकची मारणार. शालिकराम राहतो रामटेकच्या अलीकडे, त्याची लाईन कामठी ते रामटेक. त्याला अॅप धंतोलीची देणार. पन्नास किलोमीटर जाऊन एक खोकं टाकायचं तर दिवसाची कमाई डिझेलमध्येच. म्हणून ही मंडळी वाडीच्या गोदामातून माल उचलला की समोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबत आणि आपसात पार्सलं बदलत. अॅपवर ज्याचं नाव, त्याचं पहिलं अक्षर मार्करने खोक्यावर लिहायचं: 'प्रे', 'शा'. माल पोहोचवणारा गिऱ्हाइकाकडून त्याच्या मोबाईलवर आलेला आकडा, म्हणजे ओटीपी, घेणार, फोन करून तो त्याला सांगणार ज्याच्या नावावर पार्सल आहे, आणि तो आपल्या मोबाईलवर टाकणार. कंपनीला हे मंजूर नव्हतं. पण सहा वर्षं एकही पार्सल हरवलं नाही. आणि एक अलिखित नियम: दुसऱ्याच्या लाईनीवर आपण माल टाकायचा नाही.

नोव्हेंबरातल्या गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे अदलाबदल झाली. अकरा वाजता अॅप बंद पडलं. साडेअकराला भैय्याजीचा, म्हणजे गोदामाच्या मुकादमाचा, ग्रुपवर निरोप आला: कंपनी बुडाली, शटरला कुलूप लागलं, मलाही आत्ताच कळलं, मला फोन करू नका. फोन त्याने लगेच बंदही केला. सगळ्यांची दीड महिन्याची बिलं कंपनीकडे अडकलेली. बारापर्यंत अर्ध्या लोकांनी ग्रुपवर लिहिलं की माल सोडायचा नाही, आपल्या हाती आता तेवढंच आहे.

साडेबाराला प्रेमानंद माझ्या दारात. चेहरा पाहून मी आधी पाणी दिलं.

"काकू, मले एक कागद लिहून द्या. पावतीसारखा."

"कसली पावती? आधी काय झालं ते सांग."

झालं होतं असं. बर्डीच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने रामटेकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक पेटी पाठवली होती. आत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या लेन्स. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर, बत्तीस म्हातारी माणसं यायची होती. अॅपने ती पेटी टाकली प्रेमानंदच्या नावावर. त्याने टपरीवर तिच्यावर 'प्रे' लिहिलं आणि शालिकरामच्या टेम्पोत दिली. आता शालिकरामचा फोन लागत नव्हता. आणि व्यापाऱ्याचा फोन दर दहा मिनिटांनी येत होता. अॅप बंद पडण्याआधीचं शेवटचं चित्र व्यापाऱ्याने मोबाईलवर जपून ठेवलं होतं: पेटी प्रेमानंदकडे, वाटेवर.

"तो म्हणे, सहा वाजेपर्यंत पेटी दवाखान्यात नाही पोचली, तर चोरीची तक्रार. माह्या नावानं. टेम्पोच्या नंबरासकट."

"मग सांग ना त्याला की पेटी शालिकरामकडे आहे."

"सांगतलं. तो म्हणते, तुमी मिळून केलं. अदलाबदल केलीच काहून? कंपनीत चालते का अशी? काय सांगू, काकू? नाही चालत." त्याने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. रिकामा होता. "टेम्पो एकदा ठान्याच्या आवारात गेला का वापस येत नाही. टायरं जातात, मंग बॅटरी जाते, मंग फक्त हप्ता राहते."

मी विचारलं, त्याच्याकडे शालिकरामची किती पार्सलं आहेत. एकोणीस. सगळी रामदासपेठ-धंतोलीची, सगळ्यांवर 'शा'. मी ताबडतोब सांगितलं, "एकही देऊ नकोस. तिकडे घेऊन जा आणि म्हण, माझं दे, तुझं घे." मला आयुष्यभर असा स्वच्छ हिशेब आवडत आला आहे.

तो मान हलवत राहिला. "तुमी कागद लिहून द्या, काकू."

मी दिला. पार्सल अमुक, शालिकरामच्या नावावरचं, आज मिळालं, सही, वेळ. खाली इमारतीतल्या झेरॉक्सवाल्याकडून एकोणीस प्रती काढून आणल्या. मला वाटलं, हा त्या घेऊन शालिकरामकडे जाईल, त्याच्या सह्या घेईल आणि सौदा करेल.

त्याने तसं केलं नाही. दुपारी साडेतीनपर्यंत त्याने धंतोली, रामदासपेठ पिंजून काढली आणि शालिकरामच्या नावाची एकोणीसच्या एकोणीस पार्सलं वाटून टाकली. अॅप नाही, आकडा नाही. फक्त फोन आणि माझा कागद. एका बाईने सही करायच्या आधी दहा मिनिटं ऐकवलं की मागणी सोमवारची होती. दोन ठिकाणी कुलूप होतं, तिथे शेजाऱ्यांची सही. मायाने फोन केला, तिलाही कोणीतरी ग्रुप दाखवला होता. "अगा, सगळे माल ठेवून राहिले, तू वाटून राहिला?" तो म्हणाला, "सांगतो," आणि टेम्पो कामठीच्या रस्त्याला लावला.

मी चारला फोन केला तेव्हा तो कन्हानच्या पुलावर होता. पार्सलं वाटली म्हणाला. मी त्याला मूर्ख म्हटलं. त्याने ऐकून घेतलं आणि गाडी चालवतो आहे म्हणून फोन ठेवला.

पुढचं त्याने मला नंतर दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा जराही फरक नव्हता.

शालिकरामच्या घरी तो पावणेपाचला पोहोचला. त्याच्या मुलीच्या लग्नाला आला होता, त्यामुळे घर माहीत. शालिकरामची बायको, देवकीबाई, अंगणात धान पाखडत होती.

"घरी नाहीत, भाऊ. सकाळपासून पत्ताच नाही."

टेम्पोच्या चाकांचे ताजे वळ अंगणातून सरळ तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे गेले होते. प्रेमानंदने त्यांच्याकडे पाहिलं, तिनेही पाहिलं. ती सूप घेऊन आत गेली.

ढिगामागे टेम्पो उभा होता, मागची दारं उघडी, आणि शालिकराम खोक्यांवर बसला होता. पन्नाशीचा, भारी देहाचा, गळ्यात टॉवेल. प्रेमानंदला हा धंदा, पार्सल कसं उचलावं म्हणजे कंबर धरत नाही, हे सगळं त्यानेच शिकवलेलं.

"काहून आला?"

"डोळ्याच्या दवाखान्याची पेटी पाह्यजे, शालिकभाऊ. 'प्रे' लिवलेली."

"लय फोन केले तू."

"तू उचलले नाही."

"उचलून काय सांगू? दीड महिना फुकट पळालो, गा. म्हशीले ढेप उधार आनून राहिलो. आता हे ठेवलं." त्याने खोक्यावर थाप मारली. "कंपनी येईन, पैसे देईन, माल नेईन."

"कंपनी कुठी येते? पोलीस येते. आन् ते इथं नाही येत, इंदोऱ्यात माह्या घरी येते. सहापर्यंतचा टाइम आहे मले."

शालिकरामने टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाला, "मंग तू बी ठेव ना. माह्या नावाची एकोनीस आहेत तुह्यापाशी. माह्यं तुह्यापाशी, तुह्यं माह्यापाशी. बराबरी. पोलीस आले तं दोघंही जाऊ."

म्हणजे माझाच सल्ला, त्याच्या तोंडून.

प्रेमानंदने त्याला आपल्या टेम्पोपाशी नेलं आणि मागचं दार उघडलं. आत एक दोरी, एक मार्कर आणि झाडू.

"कुठी आहेत?"

"वाटली."

"माह्यी?"

प्रेमानंदने खिशातून कागदांची गुंडाळी काढून दिली. शालिकरामने ती सोडली. उन्हं उतरली होती, म्हणून कागद डोळ्यांजवळ नेऊन एकेक वाचला. नाव, सही, वेळ. मध्ये एक कागद पुन्हा मागे घेऊन पाहिला. एकोणिसावा झाल्यावर त्याने गुंडाळी तशीच केली.

"याडा आहे का तू?"

"रामदासपेठच्या काकू बी तेच म्हनल्या."

"आता मी पेटी नाही दिली तं? काय करशीन?"

"काही नाही करू शकत," प्रेमानंद म्हणाला. "म्हनून तं आलो."

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. व्यापाऱ्याचा फोन पुन्हा वाजला, प्रेमानंदने तो उचलला नाही आणि कापलाही नाही, नुसता हातात वाजू दिला. शालिकराम तणसाच्या ढिगाआड गेला. बराच वेळ आला नाही. मग इंजिनाचा आवाज झाला.

टेम्पो मागे घेत तो अंगणात आला. प्रेमानंद पुढे झाला. "दे, मी नेतो."

"तू काहून नेशीन? रामटेक माह्यी लाईन आहे. माह्या लायनीवर दुसऱ्यानं पार्सल टाकलं, असं सहा वर्सात झालं नाही." आणि तो निघाला.

प्रेमानंद मागोमाग. दोन टेम्पो, मध्ये पन्नास फूट. शालिकरामच्या गावचा रस्ता जबलपूरच्या महामार्गाला लागतो आणि पुढे मनसरला फाटा आहे: उजवीकडे रामटेक, सरळ शिवनी, म्हणजे मध्य प्रदेश. शिवनीला शालिकरामचा मेहुणा राहतो, मोठं गोदाम आहे त्याचं. प्रेमानंदला ते माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की शालिकरामच्या टेम्पोचा उजवा इंडिकेटर दिवाळीपासून बंद आहे. म्हणजे तो वळणार की नाही हे वळल्याशिवाय कळणार नव्हतं.

पावणेसहा. मागून ट्रकचे हॉर्न. प्रेमानंद म्हणतो, एकोणीस पार्सलं वाटताना त्याला काही वाटलं नाही, पण त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये मला शिव्या घालाव्याशा वाटल्या, की मी आणखी जोरात का ओरडले नाही. फाट्याजवळ शालिकरामने वेग कमी केला नाही. पाटी आली. पुढचा टेम्पो सरळच चालला होता. प्रेमानंदने हॉर्नवर हात ठेवला, पण वाजवला नाही.

मग समोरच्या टेम्पोच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, टॉवेलसकट, आणि उजवीकडे हलला.

दवाखान्याच्या खिडकीशी सहाला चार मिनिटं कमी असताना पेटी टेकली. प्रेमानंद बाहेर पायरीवरच थांबला. लाईन आपली नव्हती म्हणतो. आतल्या मुलीने पेटीवरचा कागद पाहिला, बर्डीच्या व्यापाऱ्याला फोन करून पेटी मिळाल्याचं सांगितलं, मग रजिस्टर ओढलं.

"आणणाऱ्याचं नाव?"

"प्रेमानंद लिवा," शालिकराम म्हणाला.

"तुम्ही प्रेमानंद?"

"तो भाईर बसला आहे. तुमी लिवा."

सहा दहाला मी फोन केला. मला दम निघत नाही, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे.

"पोचली?"

"पोचली, काकू. शालिकभाऊनं टाकली. व्यापारी म्हणे, तक्रार नाही करत."

"आणि त्याच्याकडची बाकीची?"

"ते त्याले इचारा."

"दे त्याला फोन."

पलीकडे कुजबुज झाली. मग एक जड आवाज आला. "बोला."

मी म्हटलं, तुम्ही मला ओळखत नाही, पण माझा मूर्खपणाचा सल्ला आणि तुमचा, दोन्ही एकच होते, तेव्हा ओळख झाली असं समजा. बाकीच्या मालाचं काय करणार?

मागे कोणाचा तरी खोकला, एक सायकलची घंटी.

"पैसे तं बुडालेच," तो म्हणाला. "प्रेम्याले दिला तसा कागद मले बी लागन."

"किती प्रती?"

"वीस-बावीस असन. थांबा. पाह्यतो."

त्याने फोन कापला नाही. टेम्पोचं दार उघडल्याचा आवाज आला, मग खोकी एकेक सरकवल्याचा, आणि त्याचा पुटपुटता आवाज: एक, दोन, हे मनसरचं, तीन.