शेवटची धार

ती तक्रार आठवली की आजही आधी त्या बाईचा दारातला आवाज कानावर येतो, बाकीची चौकशी मागून.

कन्नड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. ऊन चांगलंच तापलेलं. एका गावच्या दूध संकलन केंद्राचा चालक तक्रार अर्ज घेऊन आला. गावातली एक बाई साय काढून उरलेलं दूध केंद्रावर घालते, असा आरोप. दुधात पाणी नव्हतं, पण फॅट रोज कमी लागत होतं. त्यात ‘तिच्याकडं तूप कढतं’ अशी एका खबऱ्याची खबर. खबरी निम्मं डोळ्यांनी बघतो आणि निम्मं शेजाऱ्याच्या तोंडून ऐकतो, हे मला ठाऊक होतं. तरी अर्ज आला म्हणजे चौकशी आलीच.

महिला अंमलदार आणि दोन पंच घेऊन संध्याकाळी धारेच्या वेळी घरझडती घेतली. तूप कढवणाऱ्या घराचा वास लपत नाही. इथे ना तो वास, ना रवी, ना लोणी. दारात एक संकरित गाय आणि बांधलेली कालवड. बाई धनगराची, नवरा गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली. दोघींचं पोट त्या एका गाईवर.

जबाब ओसरीवरच घेतला.

“साय काढता का?”

“नाय सायब. गाईची आण.”

“मग फॅट का लागत नाही?”

“मला काय म्हाईत? आधीच्या गावरान गाईच्या दुधाला कुणी नाव नाय ठेवलं. ही हायब्रीड आणली अन् चोर झाले मी. केंद्रानं दूध घेणं बंद केलं तर म्हातारीला काय घालू?”

फिरवून फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडं सजवून सांगतो. ही तेच ते साधं सांगत होती. मी कागद मिटला. तेवढ्यात कालवड हंबरली, तशी बाई उठली आणि दारातून म्हणाली, “थांबा सायब, तिला सोडते. शेवटची धार वासराची असती आमच्याकडं. ती आमी काढत नाय.”

मी कागद पुन्हा उघडून ते वाक्य जसंच्या तसं जबाबात घातलं. अर्थ मात्र लावला तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरीणबाईंनी. जबाब वाचून त्या हसल्याच. “अहो साहेब, सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या धारेतच असतं!”

तेवढं लेखी देऊन त्यांना मोकळं होता आलं असतं. पण त्या उन्हातान्हात गोठ्यावर आल्या. पंच आणि केंद्रचालक यांच्यासमोर गाईची पूर्ण धार काढायला लावली, पहिलं दूध एका भांड्यात, शेवटचं दुसऱ्यात. केंद्राच्याच यंत्रावर पहिलं नेहमीसारखंच कमी लागलं, शेवटचं कितीतरी दाट. दोन्ही एकत्र केल्यावर फॅट बरोबर बसलं.

मग त्यांनी समजावलं. गावरान गाईचं दूध वंशानेच दाट, म्हणून शेवटची धार सोडूनही भागायचं. संकरित गाय दूध भरपूर देते, पण पातळ. त्यात उन्हाने ती चारा कमी खाते, की फॅट आणखी उतरतं.

केंद्रचालक खजील झाला. “चुकलं मावशी,” म्हणाला आणि अर्ज मागे घेतला. इथून पुढे शेवटची धारही घाला, असंही त्याने सुचवलं.

बाई ताडकन म्हणाली, “लेकराच्या तोंडचं काढू व्हय? भाव कमी लावा. चोर तेवढं म्हणू नका.”

डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरलेलो नाही. त्या गोठ्यावर आल्या नसत्या तर एका सरळ बाईवर गुन्हा दाखल करण्याचं पाप माझ्या हातून घडलं असतं. आणि त्या बाईचेही उपकार आहेत. त्यानंतर जबाब संपला म्हणून मी लगेच कधी उठलो नाही. माणूस उंबरा ओलांडेपर्यंत ऐकत राहिलो, आणि पुष्कळदा कामाचं तेवढंच हाती लागलं.

निवृत्तीनंतर मी शहरात, पुंडलिकनगरात राहायला आलो. एका सकाळी दारात तीच बाई उभी, ठाण्यात पत्ता विचारून एसटीने आलेली, हातात डबा.

“तीच कालवड व्याली सायब. पहिल्याच चिकाचा खरवस हाय.”

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी विचारलं, “वासराला पाजलं ना आधी?”

“तर! ते पोटभर प्यालं,” ती म्हणाली, “मंगच तुमचा नंबर.”